पाणी कुठवर आलंय?

श्रावणाचा दुसरा आठवडा होता. आदल्या रात्रीपासून पावसाने धार धरली होती आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला गंगापूर धरणाच्या विसर्गाचे आकडे येऊन पडत होते. अमुक क्युसेक, मग त्याच्या दुप्पट क्युसेक. आईला क्युसेक कळत नाही आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नाही. तिचं एकच म्हणणं, "दुतोंड्याच्या कुठवर आलंय ते विचार."

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्रातच, पुढे एक आणि मागे एक अशी दोन तोंडं असलेला मारुती उभा आहे. पूर आला की गाव त्याच्या अंगावर पाणी मोजतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. १९६९चा पूर मी बाबांच्या तोंडून ऐकला, २००८ आणि २०१६चा स्वतः पाहिला. सराफ बाजारात आमच्या नात्यातलं एक दुकान आहे. तिथून दर पावसाळ्यात फोन येतो तोही हाच प्रश्न घेऊन, कारण माल पोटमाळ्यावर चढवायचा की नाही ते या उत्तरावर ठरतं.

अशा दुपारी भाची आली. छत्री उलटलेली, लॅपटॉप मात्र दुधाच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेला. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय मराठी. मी चोवीस वर्षं ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे आमच्या खानदानातल्या प्रत्येक निबंधाचं बाळंतपण माझ्याकडे येतं.

"मावशी, मॅडमनी लेख परत दिला. म्हणाल्या, लिहिलंय छान पण थीसिस स्टेटमेंट कुठंय? आता ते काय असतं ते तू सांग. थीसिस तर पीएचडीला असतो ना?"

हा गोंधळ फक्त तिचा नाही. आपल्याकडे थीसिस म्हटलं की रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधलेला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध डोळ्यांपुढे येतो. साहित्यावरच्या लेखातलं थीसिस स्टेटमेंट म्हणजे एखाददुसरं वाक्य. या कलाकृतीबद्दल मी काय म्हणते आहे ते सांगणारं. पुढचा सगळा लेख त्या वाक्याची बाजू लढवतो. मराठीत कोणी त्याला मध्यवर्ती विधान म्हणतात, कोणी प्रतिपादन. मला दोन्ही शब्द जरा इस्त्री केलेले वाटतात, पण त्याकडे पुढे येते.

तिने लॅपटॉप उघडला. विषय कुसुमाग्रजांची 'कणा'. पहिलं वाक्य असं होतं: ‘कणा’ ही कुसुमाग्रजांची एक अत्यंत सुंदर, आशयघन आणि वाचकाला अंतर्मुख करणारी कविता आहे.

"हे वाचून कोणी 'छे, अजिबात नाही' म्हणेल?" मी विचारलं.

"कशाला म्हणेल? सगळ्यांनाच आवडते ती."

"मग सगळ्यांना ठाऊक आहे तेच सांगायला दोन हजार शब्द कशाला?"

तिचा चेहरा पडला. झोपाळ्यावरून आईने मध्येच टाकलं, "गंगेला पाणी वाढलंय असं सांगण्यातली गत झाली ही. पाऊस पडतोय म्हटल्यावर वाढणारच. कुठवर आलंय ते सांग की."

चोवीस वर्षांत मला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. ‘गोदावरीच्या पाणीपातळीत वाढ झाली आहे’ हे वाक्य खरं आहे, शुद्ध आहे आणि त्यावर कोणी बूडही हलवणार नाही. ‘पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलंय’ म्हटलं की पुलावर जाऊन कोणीही खात्री करू शकतो, "कमरेला कसलं, अजून मांडीलाच आहे" असं भांडूही शकतो, आणि त्या वाक्यापाठोपाठ दुकानात माणसं माल उचलायला लागतात.

माझी स्वतःची फजिती सांगते. एम.ए.ला असताना मी शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वर चौदा पानं लिहिली होती, तीही दोन्ही बाजूंना समास सोडून. मथळा ‘नटसम्राटमधील कौटुंबिक संघर्ष : एक अभ्यास’. नाटक १९७० साली रंगमंचावर आलं, त्यावर शेक्सपिअरच्या किंग लिअरची छाया आहे, अप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना देऊन मोकळे होतात आणि शेवटी त्यांनाच डोक्यावर छप्पर उरत नाही, असं सगळं मी नीट लावून सांगितलं होतं. वही परत आली तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात लाल पेनाने एक शब्द होता. "मग?" तिसऱ्या पानावर पुन्हा "मग?" सातव्यावर नुसतंच प्रश्नचिन्ह, बहुधा सर शब्द लिहूनही कंटाळले होते.

तेराव्या पानावर मात्र एका वाक्याखाली रेघ ओढलेली होती. तिथे मी दमून लिहून गेले होते की घर सोडायची वेळ येण्याच्या कितीतरी आधीपासून अप्पा घरात राहतच नव्हते. ते सतत रंगमंचावर होते आणि घरातली माणसं त्यांना प्रेक्षकच वाटत राहिली. शेजारी सरांचं अक्षर: "हे पहिल्या पानावर का नाही?" पन्नासपैकी बावीस गुण. सरांचा मला पुढे वर्षभर राग होता. आज ती वही काढली की बारा पानांचाच राग येतो.

तेराव्या पानावरचं वाक्य तेराव्या पानावरच का आलं, हे पुढे शिकवताना उमगलं. भजी तळताना पहिला घाणा कधी नीट उतरत नाही, तेल तापायला वेळ लागतो. लिहिण्याचं तसंच आहे. सुरुवातीची पानं आपण पाठ झालेलं ओततो, कवीचा जन्म, पुरस्कार, कालखंड. डोकं तापतं ते पुढे, आणि मग नकळत हातून एक वाक्य निसटतं ज्यात आपण खरंच काहीतरी म्हटलेलं असतं. म्हणून मुलांना मी आधी शेवटचा परिच्छेद वाचायला लावायची. दहातल्या सहा-सात वह्यांत लेखाचा जीव तिथे लपलेला असायचा. तो उचलून वर न्यायचा, पहिल्या परिच्छेदाच्या अखेरीला बसवायचा आणि मग मधलं सगळं त्याच्या हिशेबाने पुन्हा लिहायचं. कष्टाचं काम आहे. मुलं रडकुंडीला यायची.

माझ्या त्या मथळ्याकडे परत येते, कारण तो रोग माझ्याबरोबर संपलेला नाही. ‘अमुक कवितेतील निसर्ग’, ‘तमुक कादंबरीमधील स्त्री’, आणि पुढे शेपूट म्हणून ‘एक अभ्यास’, ‘एक आकलन’, ‘एक दृष्टिक्षेप’. या सगळ्यांत क्रियापद नाही. ‘कवितेतील निसर्ग’ म्हणजे कवितेत निसर्ग आहे, बरं. तो तिथे काय करतो? माणसाला दिलासा देतो की चिडवतो की त्याच्याकडे ढुंकून बघत नाही? क्रियापद घातलं की कुठल्या तरी एका बाजूला उतरावं लागतं, आणि तिथेच आपली तंतरते. मग ‘एकीकडे परंपरा तर दुसरीकडे आधुनिकता यांचा सुरेख समन्वय’ अशी दुतोंडी वाक्यं येतात. आमच्या मारुतीची माफी मागून सांगते, दोन तोंडं त्यालाच शोभतात.

शब्दाबद्दल म्हटलं होतं. मराठी माध्यमात शिकलेल्यांना भूमिती आठवत असेल: पक्ष, साध्य, सिद्धता. काय दिलंय, काय सिद्ध करायचंय आणि कसं. बाई फळ्यावर ‘साध्य’ लिहायच्या तेव्हा पुढे पूर्ण वाक्य असायचं, मथळा नसायचा. आमच्या न्यायशास्त्राची परंपरा तर फारच जुनी. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण धूर दिसतो’ हा हेतू. ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर’ हे उदाहरण. पुढे उपनय आणि निगमन आहेतच, पण पहिल्या तिघांवरच आपला लेख तरून जातो. प्रतिज्ञा हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. त्यात थोडी जोखीम आहे. उन्हाळ्यात पांडवलेणीच्या डोंगरावर धूर दिसला आणि मी वणवा लागलाय म्हणाले, तर कदाचित ती नुसती धूळही निघेल. तेवढा धोका पत्करला तरच ती प्रतिज्ञा.

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "मावशी, व्याख्यान बास. वाक्य सांग."

वाक्य सांगायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. म्हटलं, तू म्हण, मी दोनच गोष्टी विचारीन. ‘कशावरून?’ आणि ‘मग?’

विजेच्या बिलाच्या पाठीवर तिने दुसरं वाक्य लिहिलं. ‘कणा’ या कवितेतून स्वाभिमान व जिद्द यांचा संदेश मिळतो. शाळेत कवितेखाली ‘संदेश’ लिहायची इतकी सवय लागते की पुढे कविता म्हणजे पाकीट आणि संदेश म्हणजे आतली चिठ्ठी असं वाटायला लागतं. चिठ्ठी काढली की पाकीट कचऱ्यात. मी काही बोलले नाही. तिनेच स्वतःशी "मग?" म्हटलं आणि खोडलं.

तिसरं वाक्य लिहिताना तिचे डोळे चमकले. ‘कणा’ ही गोदावरीच्या पुराची कविता आहे. कवीने तर नदीला गंगामाई म्हटलंय, नाशकात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, आणि कुसुमाग्रजांचं सारं आयुष्य या गावाशी बांधलेलं. आईने लगेच दुजोरा दिला, "मग काय! आपलीच आहे ती."

इथे माझ्याही जिभेवर होकार आला होता. नाशिककर म्हणून मला ते वाक्य हवंहवंसं वाटतं. पण ‘कशावरून?’ लावून पाहिलं. कवितेत गावाचं नाव नाही, घाट नाही, साल नाही. आणि गंगा म्हणाल तर महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी काठावरचा माणूस आपल्या नदीला गंगाच म्हणतो. कवी कुठे राहत होता यावरून कविता कशाबद्दल आहे ते ठरवणं म्हणजे धूर न बघता आग सांगणं. बरं, समजा सिद्ध झालंच, तरी पुढे "मग?" उभाच. नदीचं नाव कळल्याने कवितेतल्या त्या माणसाबद्दल मला काय जास्तीचं कळलं? तिने नाइलाजाने तेही खोडलं. आई रुसली.

"आता कविता बघ," मी म्हटलं. "पाठ आहे म्हणून बघत नाहीस तू."

पाठ असणं ही या कवितेची मोठी अडचण आहे. शेवटच्या दोन ओळी लोकांनी भाषणांत, फलकांवर, निरोपसमारंभांत इतक्या वापरल्यात की मधलं घर कोणाला दिसतच नाही. आम्ही ओळ ओळ घेऊन बसलो. पावसात कोणीतरी सरांकडे येतं, कपडे चिखलाने भरलेले. क्षणभर बसतो, मग हसतो. नदी घरात शिरली हे सांगताना तो तिला पाहुणी म्हणतो. पुढे माहेरवाशीण म्हणतो, आणि माहेरवाशीण रिकाम्या हाताने कशी जाईल, म्हणून घरातलं सगळं गेलं. डोळ्यांत जे पाणी उरलं ते प्रसाद.

भाची थांबली. "मावशी, हा चिडलेलाच नाहीये."

"कोणावर?"

"नदीवर. घर गेलंय याचं. आणि तो पाहुणी, लेक, देवी असलं काहीतरी म्हणतोय. म्हणजे जिला दार उघडायलाच लागतं अशी नाती."

मी तिच्या हातात पेन दिलं. तिने लिहिलं: ‘कणा’मधल्या माणसाचा नदीवर राग नाही.

हे वाक्य ऐकून कोणीतरी "छे" म्हणू शकतं, आणि कवितेतले तीन शब्द त्याच्या पाठीशी उभे आहेत. मला तेवढ्यावर समाधान झालं असतं. पण आमच्याकडे पूर्वपक्ष मांडल्याशिवाय वाद पुरा होत नाही, म्हणून मीच विरोधात गेले. "राग नाही म्हणतेस, मग लढतो कोणाशी? ‘लढतो आहे’ असं तो स्वतः म्हणतो. सरांकडूनही ‘लढ’ हाच शब्द मागतो. शत्रू नसताना लढाई कसली?"

तिला बराच वेळ उत्तर सुचलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला. आलं किसायच्या किसणीचा आवाज येत होता आणि बाहेर पाऊस. थीसिस असा हरकत घेतली की एक तर मोडतो नाही तर बारीक होऊन टोकदार होतो. मोडणारा आधीच मोडलेला बरा, लेख लिहून झाल्यावर मोडला तर फार जड जातं. मी वर्गात हे करायला घाबरायची, कारण पस्तीस मिनिटांच्या तासात मोडलेलं जोडायला वेळ नसतो.

ती गाळणी हातात घेऊनच बाहेर आली. "तो नदीशी लढतच नाहीये गं! क्रियापदं बघ. भिंत बांधतोय. चिखल आणि गाळ काढतोय. नदी केव्हाच गेली. ती गेल्यावर जे मागे राहिलंय त्याच्याशी लढतोय."

गाळणीतून चहाचे थेंब फरशीवर पडत होते. आईने पाय वर घेतले.

"आणि पैसे?" मी विचारलं. "सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा हा उठतोच. का? स्वाभिमान ना?"

"तेच तर सगळे लिहितात. पण तो स्वतः कारण सांगतो ना, एकटेपणा वाटला म्हणून आलो. गाळ काढायला दोन हात आहेत, बायकोही सोबत आहे. एकटेपणा कसा काढणार? म्हणून हात मागतो. तोच हात, सरांचाच, फक्त खिशाऐवजी पाठीवर."

एका हाताच्या दोन जागा. चोवीस वर्षं ही कविता शिकवून मला तो एकच हात आहे हे दिसलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही. मावशीलाही थोडा स्वाभिमान असतो.

शेवटी बिलाच्या पाठीवर जे उरलं ते हे: ‘कणा’मधला माणूस पुराशी नाही, तर पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळाशी आणि एकटेपणाशी लढतो, म्हणूनच नदीला तो पाहुणी म्हणू शकतो आणि सरांकडून पैशांऐवजी पाठीवरचा हात मागतो.

वाक्य लांब आहे. मी असते तर दुसऱ्या स्वल्पविरामापाशी तोडलं असतं. पण त्यात लेखाचा सगळा नकाशा आला होता, आधी नदीची नाती, मग क्रियापदं, मग हात. आणि लोक म्हणतात तो स्वाभिमान आहे की नाही, याचा समाचार कुठे घ्यायचा तेही तिला आपोआप कळलं. कवीचा जन्म १९१२चा, ‘विशाखा’ १९४२चा, ज्ञानपीठ १९८७चं, ही सगळी माहिती तिने पहिल्या पानावरून उडवली. "मॅडम विचारतील," ती कुरकुरली. विचारू देत. तोंडी सांग.

"आणि मॅडमना हे पटलंच नाही तर?"

"बरंच होईल की. आधीच्या वाक्यावर तर त्या भांडूही शकल्या नसत्या."

हे तिला फारसं रुचलं नाही. गुण त्या देणार आहेत, मी नाही.

दोन दिवसांनी पाऊस उघडला. यंदा पाणी कमरेपर्यंत येऊन उतरलं, म्हणजे तसं बेताचंच. तिला घरी सोडायला निघाले होते, ती म्हणाली घाटावरून जाऊ. रामकुंडाकडे उतरताना तो पुरानंतरचा वास आला, कुजलेली फुलं, शेवाळ आणि ओली माती. पायऱ्यांवर वीतभर गाळ साचला होता, महानगरपालिकेची माणसं फावड्यांनी तो ओढत होती. दुतोंड्या अंगावर चिखलाची रेघ घेऊन उभा होता. घाटालगत पूजासाहित्याचं एक छोटं दुकान आहे, त्याचं शटर वर होतं आणि एक काका खराट्याने आतलं पाणी बाहेर लोटत होते. ओल्या समया आणि ताम्हनं ओळीने फुटपाथवर मांडलेली.

"काका, किती आलं होतं?" भाचीने विचारलं.

त्यांनी खराटा डाव्या हातात घेतला, उजवा तळवा शटरच्या पट्टीवर गुडघ्याच्या उंचीला टेकवला. "इथवर." मग हात वर नेला, स्वतःच्या डोक्याच्याही वर. "२०१६ला इथवर."

आणि पुन्हा लोटायला लागले.